सणासुदीचा ॲक्शन पिक्चर आणि परत आलेली फँटसी सिरीज: रिव्ह्यू लिहायचा कसा

दिवाळी, नाताळ, ईद, पंधरा ऑगस्ट, मोठे ॲक्शन पिक्चर याच तारखा धरून लागतात, आणि त्याच सुट्टीत घरच्या टीव्हीवर कुठली तरी जुनी फँटसी सिरीज नव्या रूपात येऊन बसलेली असते. ठाण्यात किंवा नवी मुंबईत चौघांचं कुटुंब मॉलमध्ये पिक्चरला गेलं की तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग धरून खिसा चांगलाच हलका होतो आणि सुट्टीतली एक संध्याकाळ जाते ती वेगळीच. त्यामुळे जो माणूस आपला रिव्ह्यू वाचून जायचं की नाही ठरवणार आहे त्याचं "पैसा वसूल" किंवा "डोक्याला ताप" एवढ्यावर भागत नाही, त्याला कारण पाहिजे. आणि या दोन्ही प्रकारांत अडचण एकच आहे, पडद्यावर जे आहे त्यात आपण स्वतःकडचं काहीतरी मिसळत असतो, पिक्चरमध्ये सणाची हवा आणि सिरीजमध्ये लहानपणची आठवण. पडद्यावरचं किती आणि आपलं किती हे वेगळं करून सांगता आलं की रिव्ह्यू जमला.

आधी शो कुठला निवडायचा ते. पहिल्या दिवशीचा रात्रीचा शो बघायचा असेल तर जरूर बघा, हिरोच्या एंट्रीला शिट्ट्या, टाळ्या, पुढच्या रांगेतली पोरं उठून नाचतायत, ते बघायला मलाही मनापासून आवडतं. पण फक्त त्या शोवर रिव्ह्यू लिहू नका, कारण त्या गर्दीत साधा डायलॉगसुद्धा दणदणीत वाटतो आणि अर्धे डायलॉग तर ऐकूच येत नाहीत. जमलं तर सुट्टी संपल्यावर आठवड्यातला सकाळचा शो बघा, गर्दी कमी, तिकीटही बऱ्याचदा स्वस्त, आणि ट्रान्सहार्बरवरून (ठाणे-नवी मुंबई लोकलने) कामाला जाणाऱ्यांना सीवूड्स स्टेशनला लागून असलेला मॉल किंवा वाशी सोयीचं पडतं. एकदाच बघणं शक्य असेल आणि तोही गर्दीतच, तरी हरकत नाही, फक्त रिव्ह्यूमध्ये एका वाक्यात सांगून टाका की फुल हाऊसमध्ये बघितला, म्हणजे वाचणारा आपला आपण हिशोब करेल.

कलेक्शनचे आकडे रिव्ह्यूत आणू नका, निदान पहिल्या आठवड्यात तरी नको. 'टायगर 3' 2023 साली 12 नोव्हेंबरला लागला तो नेमका लक्ष्मीपूजनाचा दिवस, संध्याकाळी लोक घरी पूजेत. पुढच्या वर्षी 'सिंघम अगेन' आणि 'भूलभुलैया 3' दोन्ही 1 नोव्हेंबरलाच आले आणि स्क्रीन दोघांत वाटले गेले. अशा वेळी पहिल्या दिवसाचा आकडा तारखेबद्दल जास्त बोलतो, पिक्चरबद्दल कमी. आणि सुट्टीचा पिक्चर म्हणजे सुट्टीतच आलेला असंही काही नसतं, हॉलिवूडच्या 'डाय हार्ड'ची अख्खी गोष्ट नाताळच्या आदल्या रात्री घडते पण तो अमेरिकेत लागला होता 1988 च्या जुलैमध्ये, तरी लोक अजून डिसेंबर आला की तोच लावतात.

थेटरात मोबाईल खिशातच ठेवायचा, नोट्ससाठीसुद्धा काढायचा नाही, मागच्या माणसाच्या डोळ्यावर उजेड येतो. छोटी वही आणि पेन न्या, अंधारात न बघता दोन-तीन शब्द मोठ्या अक्षरात खरडायचे, एका पानावर एकच गोष्ट, आणि इंटरव्हलला बाहेर येऊन ते नीट लिहून काढायचं. सोशल मीडियाच्या स्टोरीला टाकायला म्हणून पडद्याचं शूटिंग तर अजिबात करू नका, 2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यात त्याला किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आहे, शिवाय दंड तीन लाखांपासून पुढे.

इंटरव्हलवरून आठवलं. आपले पिक्चर इंटरव्हल धरूनच लिहिलेले असतात, त्या जागी काहीतरी मोठा धक्का ठेवलेला असतो, त्यामुळे तिथे पिक्चर कुठे आणून सोडला हे जरूर तपासा. पण हॉलिवूडच्या पिक्चरला इंटरव्हल इथे आल्यावर लावतात, मूळ पिक्चरमध्ये ती जागाच नसते, म्हणून "फर्स्ट हाफ स्लो आहे, सेकंड हाफ भारी" असं त्याच्याबद्दल लिहिणं बरोबर नाही. तसंच थ्रीडीचं. चष्म्यामुळे पडदा काळपट दिसतोच, त्यात प्रोजेक्टरचा उजेड कमी ठेवलेला असला तर रात्रीच्या मारामारीत कोण कोणाला मारतंय कळत नाही, आणि लोक घरी येऊन लिहितात की कॅमेरावर्क खराब. शंका आली तर त्याच पिक्चरचा ट्रेलर घरी टूडीत बघा, तोच सीन तिथे स्वच्छ दिसला तर दोष थेटरचा आहे, पिक्चरचा नाही.

आता मुख्य विषय, ॲक्शन. "ॲक्शन जबरदस्त" हे वाक्य मला वाचवत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. एखादी फाइट बघताना मी सगळ्यात आधी जागा बघतो. समजा गोदामातली मारामारी आहे. दार कुठे आहे, जिना कुठे, हिरो कुठल्या बाजूने आत आला, गुंड किती आणि त्यातला बंदूकवाला कुठे उभा आहे, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात आपल्याला कळलं का? कळलं असेल तर मग हिरो जिन्याकडे पळाला की आपण आपोआप पुढे सरकून बसतो, कारण वर कोण आहे ते आपल्याला माहितीय आणि त्याला नाही. 'डाय हार्ड' एवढा टिकला त्यात याचा मोठा वाटा आहे, एकच इमारत, पण कुठल्या मजल्यावर काय चाललंय ते आपल्याला कायम माहीत असतं. आणि जागाच कळली नाही तर कितीही काचा फुटू देत, आपण नुसते बघत राहतो.

दुसरं म्हणजे कट. ठोसा उचलला तिथे एक शॉट, बसला तिथे दुसरा, माणूस पडला तिथे तिसरा, असं सारखं तोडलेलं असेल तर बहुतेक वेळा ठोसा नीट बसत नसतो किंवा हिरो स्वतः करत नसतो. एकाच शॉटमध्ये ठोसा उचलून, बसून, समोरचा कोलमडलेला पूर्ण दिसला तर त्यामागे महिनोन्महिन्यांची तालीम असते आणि ती रिव्ह्यूत लिहायला हवी. नायकाच्या चेहऱ्याचा क्लोजअप आणि लगेच पाठमोरा उडी मारणारा माणूस दिसला तर तिथे डबल, म्हणजे हिरोच्या जागी स्टंट करणारा माणूस, आहे असं समजा, त्यात वाईट काही नाही, उलट त्या माणसाचं काम कसं झालंय तेच लिहा. फाइट मास्टरचं नाव शेवटच्या टायटल्समधून उतरवून घ्या आणि रिव्ह्यूत द्या. आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांत ॲक्शन दिग्दर्शनाचा पुरस्कार 2016 च्या पिक्चरपासून सुरू झाला, ऑस्करमध्ये तर स्टंटला स्वतंत्र पुरस्कार 2027 च्या पिक्चरपासून मिळणार आहे, म्हणजे ज्या लोकांची हाडं मोडतात त्यांचं नाव घ्यायला जगाला एवढी वर्षं लागली. आपण तरी घेऊया.

व्हीएफएक्सला, म्हणजे काँप्युटरवर केलेल्या दृश्यांना, "चीप दिसतात" म्हणून सोडू नका, काय चीप दिसतंय ते शोधा. बहुतेक वेळा वजन नसतं. राक्षस चालतो पण पायाखालची माती दबत नाही, ड्रॅगन छपरावर बसतो आणि एक कौल हलत नाही, आगीच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर आगीचा उजेडच नाही. असं काही सापडलं की वहीत तेवढंच लिहा, कौल, उजेड, माती. मोठी लढाई रात्री आणि पावसात ठेवली असेल तर बऱ्याचदा उणिवा झाकण्यासाठी ठेवलेली असते, भर दिवसा उन्हात केलेली लढाई चांगली दिसली तर त्या टीमला पूर्ण श्रेय द्या.

पालकांसाठी सर्टिफिकेट आवर्जून लिहा. 2024 पासून यूए मध्ये, म्हणजे पालकांच्या सल्ल्याने मुलांनी बघायच्या पिक्चरमध्ये, 7+, 13+ आणि 16+ असे तीन प्रकार झालेत आणि सुट्टीतल्या पिक्चरला लोक लहान पोरांना घेऊन जातात, त्यामुळे 16+ आहे म्हणजे नेमकं रक्त आहे, शिव्या आहेत की भीतीचे प्रसंग आहेत ते दोन ओळींत सांगितलं तर आईबाप मनापासून आभार मानतील. आणि कुठल्या भाषेत बघितलात तेही लिहा, हिंदी डबिंगमध्ये विनोद पडला की मूळातच पडलाय हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

फँटसी सिरीजचं गणित वेगळं. इथे आठवण फार गोड असते आणि तिच्याशी भांडून कोणी जिंकत नाही. ज्यांनी रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'चंद्रकांता' बघितली त्यांना त्यातल्या खलनायक क्रूर सिंहचं "यक्कू" अजून ऐकू येतं, सिरीयल 1994 ची, देवकीनंदन खत्रींची कादंबरी तर 1888 ची, आणि 2017 साली एकाच वर्षात दोन वेगवेगळ्या चॅनलनी चंद्रकांता नव्याने आणली. आता नव्याबद्दल लिहायचं असेल तर माझी पद्धत अशी की आधी नवीनचे दोन भाग सलग बघायचे, जुनं काहीही न बघता, आणि त्यावर नोट्स काढायच्या. मग जुन्याचा पहिला भाग बघायचा, मनातल्या आठवणीवर विसंबून राहायचं नाही, कारण आठवणीत नेपथ्य मोठं असतं, वेग जास्त असतो आणि मधल्या जाहिराती तर आपण कधीच विसरलेलो असतो. त्यानंतर नवीनचे उरलेले भाग. क्रम उलटा केला तर नवीन बघताना डोकं सारखं तुलनाच करत बसतं.

मग रिव्ह्यूत दोन वेगळ्या माणसांना उत्तर द्या. एक तुमची पुतणी किंवा भाचा, ज्याने जुनं काहीच बघितलेलं नाही, त्याला पहिल्या भागात कोण राजा, कोण वैरी, जादूचे नियम काय, हे कळतं का? दुसरे त्याचे आईबाबा, ज्यांच्यासाठी ती सिरीज म्हणजे लहानपण, त्यांना जुन्यातली नेमकी कुठली गोष्ट इथे सापडेल? नुसतं तेच गाणं आणि तेच नाव वापरलं म्हणजे पुनरागमन झालं नाही. 'द डार्क क्रिस्टल' हा 1982 चा पिक्चर पूर्ण बाहुल्यांचा होता, 2019 ला त्याची सिरीज आली तेव्हा काँप्युटरवर सगळं करणं शक्य असूनही त्यांनी बाहुल्याच ठेवल्या, कारण त्या जगाचा जीव तिथेच होता. टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला तरी पुढचा सीझन झाला नाही, ही वाईट गोष्ट. तर जुन्याचा जीव कशात होता हे आधी एका वाक्यात लिहून ठेवा, भाषेत, संगीतात, खलनायकात, की घरच्यांसोबत बसून बघण्यात, आणि मग नव्याने तो ठेवला का ते तपासा.

सिरीजमध्ये घाई फार होते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या जगातल्या 'रिंग्ज ऑफ पॉवर' या सिरीजचे 2022 मध्ये पहिले दोनच भाग एकत्र आले आणि बाकीचे सहा आठवड्याला एक असे, म्हणजे पहिल्या दिवशी लिहिणाऱ्याकडे आठपैकी दोन भाग. तेव्हा लिहायचं असेल तर वर ठळक लिहा की दोन भागांवरून लिहितोय आणि स्टार देऊ नका. भागांची गोष्टही सांगू नका, दुसऱ्या भागाच्या पुढचं काहीच नको. पिक्चरच्या बाबतीत पहिला अर्धा तास ही हद्द ठेवा, आणि ट्रेलरमध्ये दाखवलंय म्हणून सगळं सांगायला मोकळे असं समजू नका, बरेच जण ट्रेलर मुद्दाम बघत नाहीत.

लिहायला बसताना पहिलं वाक्य निकालाचं ठेवा, कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस तेवढंच वाचून तिकीट काढेल किंवा घरी जाईल. मग एक सीन, एकच, पण नीट जवळून, वहीतल्या तीन शब्दांवरून. मग काय खटकलं, कुठे. अभिनयावर एक परिच्छेद पुरतो. सिरीज संपली की परत या, खाली तारीख घालून शेवटच्या भागानंतर मत बदललं का ते लिहा, आणि वरचं जुनं मत पुसू नका, कारण वाचणाऱ्याला कुठल्या भागापर्यंत मजा होती आणि कुठे घसरली हे त्या दोन तारखांमधूनच कळतं.