शास्त्रीय संगीताचा डिजिटल संग्रह लावताना: आधी रागांची यादी, मग टॅग

परभणी, सेलू, अंबाजोगाई, नांदेड या पट्ट्यात अजूनही कित्येक घरांत पत्र्याच्या पेटीत कॅसेट पडून आहेत. कुणी आकाशवाणीच्या परभणी किंवा औरंगाबाद केंद्रावरून रात्री जागून टेप केलेलं गाणं, कुणी गावच्या मैफिलीत पहिल्या रांगेत टेपरेकॉर्डर ठेवून धरलेलं. स्वतःचा धरून असे पाच संग्रह मी गेल्या दहा-बारा वर्षांत संगणकावर घेतले आणि लावले. हे काम कसं करावं यावरचे सल्ले बहुतेक सिनेसंगीत डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, झालं. ख्यालाला, म्हणजे एकच राग सावकाश फुलवत नेणाऱ्या शास्त्रीय गायनाला, हा साचा बसत नाही. तो तसाच बसवला, तर दोन वर्षांनी आपल्याच संग्रहात आपल्याला मारुबिहाग राग सापडत नाही.

कॅसेटवरून घेण्याचं थोडक्यात सांगतो. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, आणि मूळ प्रत फ्लॅकमध्येच, म्हणजे आवाज न गमावता फाईल लहान करणाऱ्या प्रकारात. तासाभराच्या कॅसेटची वेव्ह फाईल सुमारे ६०० एमबी होते, फ्लॅक साधारण त्याच्या निम्मी. मोबाइलसाठी एमपी३ नंतर कधीही काढता येते, एमपी३वरून मूळ आवाज परत येत नाही. मध्येच लाईट गेली तर ती बाजू पहिल्यापासून घ्या, सांधत बसू नका.

कापण्याबाबत दोनच नियम. कॅसेटची बाजू संपली म्हणून राग मध्येच तुटला असेल तर दोन्ही तुकडे जोडून एक फाईल करा आणि कितव्या मिनिटाला बाजू पालटली ते टिपणात लिहा. आणि विलंबित (सावकाश लयीचा बडा ख्याल) व द्रुत (जलद लयीचा छोटा ख्याल) कधीही वेगळे करू नका. एका फाईलमध्ये दोन राग असतील तर रागांच्या मध्ये कापा. पण बडा ख्याल एका फाईलमध्ये आणि छोटा दुसऱ्या फाईलमध्ये हे मला मान्य नाही. गायकानं तासभर जो राग उभा केला, तो यादृच्छिक क्रमानं वाजवताना छोट्या ख्यालापासून कानावर पडावा, हे त्या गाण्यावर अन्याय करणारं आहे.

आता टॅग, म्हणजे फाईलीच्या आतच लिहिलेली गाण्याची माहिती. विंडोजवर एमपी३टॅग वापरा. नाव काहीही असलं तरी ते फ्लॅकचेही टॅग लिहितं. फाईलीचं नाव रोमन लिपीत ठेवा, कारण गाडीतल्या जुन्या प्लेअरवर देवनागरीचे चौकोन दिसतात. टॅग मात्र देवनागरीत आणि युनिकोडमध्येच. जुन्या डीटीपी फाँटात टाईप केलेली यादी कुणी दिली तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर टॅगमध्ये नुसती कचरा अक्षरं जातील. एमपी३ प्रतींसाठी आयडी३ची (एमपी३मध्ये टॅग लिहिण्याची पद्धत) २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ ही युनिकोड साठवण्याची पद्धत निवडा. आयडी३च्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला ३० अक्षरांची मर्यादा होती, जुन्या फाईलींत अर्धवट तुटलेली नावं दिसतात ती त्यामुळे.

एक ताकीद आधीच. आवाजाच्या ठशावरून आपोआप टॅग भरणारी सॉफ्टवेअर आपल्या संग्रहावर सोडू नका. मी सोडलं होतं, रात्रभर, सहाशेच्या वर फाईलींवर. सकाळी पाहिलं तर एका खासगी मैफिलीला बाजारातल्या सीडीचं नाव लागलेलं, आणि मल्लिकार्जुन मन्सूरांची तीन वेगवेगळ्या वर्षांची ध्वनिमुद्रणं एकाच अल्बममध्ये शेजारी शेजारी बसलेली. जुन्या टॅगची प्रत मी ठेवली नव्हती. मैफिलीचं गाव आणि तारीख मी टिपणाच्या रकान्यात लिहिली होती, तीही पुसली गेली. त्यातल्या काही तारखा आज कुणालाच आठवत नाहीत. बाजारात आलेल्या सीडीसाठी ही सॉफ्टवेअर ठीक आहेत. घरच्या टेपसाठी नाहीत.

कलाकाराच्या रकान्यात पंडित, उस्ताद, विदुषी लिहू नका. आदर कमी होत नाही. पण ते लिहिलं की अर्धा संग्रह ‘प’खाली आणि उरलेला ‘उ’खाली गोळा होतो. ज्या नावानं रसिक ओळखतात तेच नाव लिहा: कुमार गंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, बाल गंधर्व. पण एकदा ‘बालगंधर्व’ आणि एकदा ‘बाल गंधर्व’ असं नको, आणि खाँ, खां, खान यातलं एकच काहीतरी पक्कं करा. साथीदारांसाठी ‘साथ’ असा वेगळा रकाना करा. तबलजीचं नाव कलाकाराच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन घातलं की संगणक त्या दोघांचा मिळून तिसराच कलाकार तयार करतो. जुगलबंदीत दोन्ही नावं हवीतच, तेव्हा एमपी३टॅगमध्ये दोन नावांच्या मध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा द्या. मग दोन स्वतंत्र नोंदी होतात.

आता राग. मला सगळ्यात जास्त त्रास इथेच झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवातीला मी राग शीर्षकातच लिहीत होतो, जसा कॅसेटच्या कागदावर असेल तसा. कुठे मालकंस, कुठे मालकौंस. कुठे भूप, कुठे भूपाली. जयजयवंती आणि जैजैवंती, हमीर आणि हम्मीर, अहिर भैरव आणि अहीर भैरव. शोधायला गेलो की निम्मंच हाती लागायचं. मग एका सुट्टीत बसून सगळं एकसारखं करायचं ठरवलं, आणि तिथे त्याहून मोठी चूक केली. ‘तोडी’ शब्द असलेल्या सगळ्या फाईलींना मी एका दमात ‘मियाँ की तोडी’ करून टाकलं. त्यात गुर्जरी तोडी होती, बिलासखानी होती, बहादुरी होती. गुर्जरीत पंचम लागतच नाही, म्हणजे ऐकल्यावर फरक कळतो. पण त्यासाठी चाळीसेक फाईली पुन्हा ऐकाव्या लागल्या.

म्हणून माझा ठाम सल्ला: एकाही फाईलीला हात लावण्याआधी रागांची यादी तयार करा. साधी एक्सेलची शीट पुरते. पहिल्या स्तंभात तुमचं पक्कं नाव, दुसऱ्यात त्याच रागाची बाकी सगळी नावं आणि लेखनं, तिसऱ्यात रोमन लेखन, चौथ्यात प्रहर, म्हणजे राग गाण्याची वेळ. ठाट, म्हणजे स्वरांवरून केलेला रागांचा गट, लिहायची गरज नाही. ठाट अभ्यासाला उपयोगी पडतो, पण काफी ठाटातलं काहीतरी लावावं म्हणून कुणी गाणं लावत नाही. सकाळचं काय लावू, असं मात्र रोज वाटतं.

यादी करताना फक्त लेखनभेद एकत्र करा, राग एकत्र करू नका. बागेश्री आणि बागेश्वरी एकच. पण शुद्ध कल्याण म्हणजे कल्याण नव्हे. यमन आणि यमन कल्याण मी वेगळे ठेवतो, कारण दुसऱ्यात शुद्ध मध्यमाचा जो स्पर्श असतो तो शोधतच मी ते ऐकतो. बिहाग, मारुबिहाग, नटबिहाग या तीन नोंदी. मल्हाराच्या तर सात-आठ होतील: मियाँ मल्हार, गौड मल्हार, रामदासी मल्हार, सूर मल्हार अशा. जयपूर घराण्याच्या गाण्याचा संग्रह असेल तर यादी आणखी लांबेल, जैत कल्याण, बसंती केदार, खट, बिहागडा. लांबू द्या. कुमार गंधर्वांचे धुनउगम (लोकधुनांतून घडवलेले) राग, मालवती, लगनगंधार, मधसुरजा, यांना जवळच्या जुन्या रागात ढकलू नका. ठुमरीत ‘मिश्र’ शब्द मागे घ्या: ‘पिलू, मिश्र’, ‘खमाज, मिश्र’. म्हणजे यादीत पिलू पिलूशेजारी राहतो.

यादी झाली की एमपी३टॅगमध्ये ऑल्ट आणि टी दाबून विस्तारित टॅग उघडा आणि रागासाठी स्वतःचा रकाना बनवा. रकान्याचं नाव रोमन अक्षरांत, आतला मजकूर देवनागरीत. तसेच ताल आणि बंदिशीचा मुखडा (तिची सुरुवातीची ओळ) यांचे रकाने करा. नावं हातानं टाईप करू नका, यादीतून चिकटवा. ‘यमन’ आणि ‘यमन’च्या मागे चुकून पडलेली एक मोकळी जागा हे संगणकाला दोन राग वाटतात, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही.

यात एक अडचण आहे. मोबाइलवरचे बहुतेक प्लेअर स्वतः बनवलेले रकाने दाखवतच नाहीत. म्हणून राग शीर्षकातही हवा. पण शीर्षक पुन्हा हातानं लिहायचं नाही. एमपी३टॅगमध्ये ‘फॉरमॅट व्हॅल्यू’ नावाची क्रिया आहे, तिच्याकडून राग, मुखडा आणि ताल या क्रमानं शीर्षक तयार करून घ्या. राग एकाच जागी दुरुस्त करायचा, शीर्षकं पुन्हा बनवायची. संगणकावर ऐकताना फूबार२००० किंवा म्युझिकबी घ्या, दोन्हींत स्वतःचे रकाने वापरून चाळता येतं.

कॅसेटवरच्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. माझ्याकडे ‘भूप’ लिहिलेली एक टेप होती, दोन वर्षं मी ती संध्याकाळी लावत होतो. तो देशकार निघाला. स्वर तेच पाच, सा रे ग प ध. पण भूपात वजन गंधारावर असतं, देशकारात धैवतावर, आणि देशकार वरच्या अंगात खेळतो. मारवा, पूरिया, सोहनी यांचंही असंच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. मारव्यात रिषभ-धैवत पुढे येतात, पूरियात गंधार-निषाद आणि मंद्राकडे ओढ, सोहनी तार सप्तकात. शंका आली तर आलापाची पहिली पाच मिनिटं ऐका, तानांवरून ठरवू नका. तरी कळलं नाही तर शिकलेल्या माणसाला ऐकवा. अंदाजानं राग भरू नका. एकदा टॅगमध्ये गेलेला चुकीचा राग पुढे प्रती काढणाऱ्या प्रत्येकाकडे जातो.

हे मार्गी लागलं की बाकीचे रकाने भराभर होतात. प्रकाराच्या रकान्यात ख्याल, ठुमरी, दादरा, टप्पा, तराणा, नाट्यगीत, अभंग, एवढंच. घराणं तिथे नको. वर्ष म्हणजे गाण्याचं वर्ष, कॅसेट बाजारात आल्याचं नव्हे. ठाऊक नसेल तर रिकामं. मैफिलीच्या टेपला अल्बम नसतो, तेव्हा तिथे गाव आणि तारीख घाला. रेडिओवरून घेतलेल्याला केंद्राचं नाव.

संगीतकाराचा रकाना जपून वापरा. ख्यालात बंदिश करणाऱ्याची मुद्रा (शब्दांत गुंफलेलं टोपणनाव) स्पष्ट ऐकू आली तरच लिहा. सदारंग, अदारंग बऱ्याचदा ऐकू येतात. सबरंग म्हणजे बडे गुलाम अली खाँ, प्रेमपिया म्हणजे फैयाझ खाँ. मी मुद्रा लिहितो आणि खरं नाव टिपणात. मुखड्याचे शब्द कळत नसतील तर भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांचे सहा भाग चाळा, बरेच मुखडे तिथे मिळतात. अभंगात रचनाकार दोन असतात हे विसरू नका. ‘माझे माहेर पंढरी’ गायले भीमसेन जोशी, चाल राम फाटकांची, शब्द पैठणच्या एकनाथांचे. संत गीतकाराच्या रकान्यात आणि चाल देणारा संगीतकाराच्या. मराठवाड्यातल्या संग्रहात अभंग भरपूर असतात, आणि गीतकाराचा रकाना रिकामा राहिला तर नामदेव, जनाबाई, एकनाथ यांचं कोणी काय गायलंय हे एका जागी बघायला मिळत नाही.

दर महिन्याला एमपी३टॅगमधून सगळे टॅग सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, काढून ठेवा आणि ती फाईल दुसऱ्या डिस्कवर आणि एखाद्या मित्राकडे ठेवा. गाण्याची प्रत सगळे ठेवतात, टॅगची कुणी ठेवत नाही.

ज्यांचा गायक किंवा राग कळलेला नाही अशा फाईलींसाठी ‘अनोळखी’ नावाचा फोल्डर करा. माझ्या फोल्डरमध्ये आज अकरा फाईली आहेत. एकीत एका बाईंचा आवाज आहे, टेप आलापाच्या मध्येच सुरू होते, मागे कुठेतरी कंदिलासारखं काहीतरी ठेवल्याचा आवाज येतो, आणि तीव्र मध्यमावरून त्या ज्या पद्धतीनं परततात तसं मी इतर कुठे ऐकलेलं नाही. तिच्या टिपणात टेप कुणाकडून मिळाली, पेटीत तिच्या शेजारी कोणत्या कॅसेट होत्या आणि मी ती आतापर्यंत कुणाकुणाला ऐकवली, एवढं लिहिलंय. कलाकाराचा रकाना अजून रिकामा आहे.