करवंटी, आयोडीन आणि एक चुकलेला आकडा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा विषय ठरला तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं, करवंट्या फेकू नकोस, साठवून ठेव. ती म्हणाली, "फेकतंय कोण? आणि तुला दिल्या तर बंबात काय घालू, तुझी पुस्तकं?" आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला करवंटी हा कचरा नाहीच मुळी, ते आंघोळीच्या पाण्याचं सरपण आहे. फळांच्या टाकाऊ टरफलांपासून ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातला रंग-वास धरून ठेवणारा छिद्राळ कोळसा, माझ्या प्रोजेक्टचा विषय हाच) करायला निघालेल्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. ‘टाकाऊ’ म्हणून लिहिलेली वस्तू कुणीतरी आधीच वापरत असतं.

खरं तर माझी सुरुवात करवंटीने नव्हे, आंब्याच्या बाठ्यांनी झाली. कॅनिंगच्या कारखान्याबाहेर बाठ्यांचे ढीग असतात, फुकट मिळतात, म्हणून दोन पोती उचलली. तो जून होता. कोकणातल्या जूनमध्ये बाठा वाळत नाही, त्याला बुरशी येते. आतल्या कोयीला ओल आणि स्निग्धांश, बाहेर केसर चिकटलेलं. आठवडाभरात लॅबच्या मामांनी पोती व्हरांड्याच्या टोकाला नेऊन ठेवली आणि वर म्हणाले, "ताई, हे तुमचं संशोधन वास मारतंय." बाठ्यांवरच काम करायचं असेल तर ते एप्रिल-मेमध्ये फोडा, कोय काढून टाका आणि फक्त वरचं लाकडी कवच कडक उन्हात वाळवा. मी हरले आणि करवंटीकडे वळले.

काजूच्या टरफलांचा मोह मात्र सुरुवातीलाच सोडा. त्यातलं तेल कातडीला लागलं की फोड येतात, हे काजू फोडणाऱ्या कुठल्याही बाईचे हात बघितलेत तर कळेल. ते भट्टीत तापवलं की येणारा धूर कॉलेजच्या फ्यूम हूडला (धूर ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटाला) झेपण्यातला नाही.

करवंटीच का, हे तोंडी परीक्षेत विचारतातच. ती टणक आणि घट्ट असते, तिच्यात लिग्निन (लाकडाला टणक करणारा घटक) भरपूर असतं आणि राख फार कमी निघते. तांदळाचं तूस घेतलंत तर त्यातली सिलिका राख होऊन शेवटपर्यंत तुमच्यासोबत राहते. करवंटीच्या कार्बनमध्ये अगदी बारीक छिद्रं जास्त असतात, म्हणून पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन आणि वास काढायला तो चांगला. बंबातला कोळसा आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन यांत फरक एवढाच, की साध्या कोळशातली छिद्रं कमी असतात आणि जी असतात तीही डांबराने बुजलेली. ती उघडायची, नवी पाडायची, याचं नाव ॲक्टिव्हेशन. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅमचं आतलं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं. म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. आमच्या घराची जागा याहून कमी आहे.

कारखान्यात हे काम ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफ सोडून करतात. कॉलेजात ती सोय नसते, म्हणून बहुतेक सगळे फॉस्फोरिक ॲसिडकडे येतात. मीही तेच केलं. कोयत्याने करवंटीवरचे तंतू खरवडले, हातोडीने फोडून एक-दोन मिलिमीटरचा चुरा चाळला, धुऊन ११० अंशांना वाळवला. वजनाला वजन ॲसिड घातलं (बाटलीतलं ॲसिड ८५ टक्के असतं, तो हिशेब विसरू नका), रात्रभर मुरू दिलं आणि ओव्हनमध्ये काळं चिकट होईपर्यंत सुकवून मफल फर्नेसमध्ये (लॅबमधल्या विजेच्या बंद भट्टीत) ४५० अंशांना तासभर ठेवलं. झिंक क्लोराइडही चालतं, पण धुतल्यावर जस्ताचं पाणी कुठे ओतणार? पोटॅशियम हायड्रॉक्साइडने क्षेत्रफळ भरपूर येतं, पण ७००-८०० अंशांना त्यातून धातूरूप पोटॅशियम सुटू शकतं आणि ते पाण्याला भेटलं तर काय होतं हे अकरावीत शिकवलेलं आहे. पहिल्या प्रोजेक्टला नको.

माझ्या पहिल्या तीन बॅचेसचं शेवटी राखाडी भुरकट काहीतरी उरलं. नायट्रोजनचा सिलिंडर होता, पण त्याचा रेग्युलेटर दुरुस्तीला गेला होता तो गेलाच. आत हवा शिरली की कार्बन जळून जातो. शेवटी झाकण लावलेली क्रुसिबल (भट्टीत टिकणारी मूस) मोठ्या क्रुसिबलमध्ये ठेवून भोवती साध्या कोळशाची भुकटी ठासून भरली. हवा आली तर आधी ती भुकटी जळते, आतला माल वाचतो. दहा ग्रॅम चुऱ्यामागे चार ग्रॅमच्या आसपास कार्बन मिळू लागला. त्यानंतर धुणं, गरम डिस्टिल्ड वॉटरने, पीएच पेपर सहा-सातला येईपर्यंत. हे कंटाळवाणं काम दोन-दोन दिवस चालतं. ते अर्धवट सोडाल तर उरलेलं ॲसिड पुढच्या प्रत्येक चाचणीत नाक खुपसेल.

इथवर भट्टीचं काम. पण प्रोजेक्टमध्ये खरी फजिती होते ती मोजताना.

कार्बन कसा झालाय हे बघायची स्वस्त चाचणी म्हणजे आयोडीन नंबर, म्हणजे एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो तो आकडा. पाण्यासाठीच्या चांगल्या बाजारी कार्बनचा साधारण ९०० ते ११०० असतो. माझा पहिल्याच फटक्यात ११९० आला. मी वर्गात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मॅडमनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, "फ्लास्कमध्ये एकूण आयोडीन होतं किती?" १०० मिलिलिटर, ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप). म्हणजे १२६९ मिलिग्रॅम. माझ्या कार्बनने जवळजवळ सगळंच गिळलं होतं! या चाचणीत शेवटी उरलेलं द्रावण ०.०२ नॉर्मलच्या जवळपास असावं लागतं, माझं त्याच्या पाव भागाच्या थोडं वर होतं. मॅडम म्हणाल्या, "आयोडीन स्टँडर्डाइझ कर, म्हणजे त्याची खरी तीव्रता मोज, मग ये."

केलं. ०.०७ निघालं. पारदर्शक बाटली, सैल बूच, दोन महिन्यांचं द्रावण. आयोडीन कार्बनमध्ये नव्हे, हवेत गेलं होतं. ताजं द्रावण करून, गाळताना पहिले वीस-तीस मिलिलिटर टाकून दिले (कारण फिल्टर पेपरही आयोडीन धरतो) आणि आकडा आला ८७०. वाईट नाही, पण पेढ्यांचा नाही.

मिथिलीन ब्लू, म्हणजे कार्बन निळा रंग किती धरतो त्या चाचणीतही हाच पेपर नडला. ९८ टक्के रंग गेला म्हणून मी खूश होते. मग नुसतं रंगाचं पाणी, कार्बन न घालता, गाळून बघितलं, तर पेपर निळा आणि खालचं पाणी फिकट. तेव्हापासून गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून कार्बन तळाला बसवणारं यंत्र. टक्केवारीचं एक सांगते, मूठभर कार्बन घातला तर कुठलाही कार्बन ९८ टक्के देतो. एका ग्रॅमने किती मिलिग्रॅम रंग धरला ते लिहा. परीक्षक ‘टक्के’ बघून हसतात, निदान माझे हसले होते.

त्यांनी पुढे विचारलं, "हा कार्बन यवतमाळला नेला तर तिथल्या पाण्यातलं फ्लोराइड निघेल?" मी हो म्हणून मोकळी झाले. नाही निघत. साधा कार्बन फ्लोराइड, नायट्रेट, पाण्याचा जडपणा यांना जवळपास हात लावत नाही, आणि जंतूही मारत नाही. उलट जुन्या कार्बनवर जंतू घर करतात.

पुढे लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात लागले, तिथे हाच काळा पदार्थ ‘चारकोल’ नावाने भेटला. औषधाच्या द्रावणाचा पिवळेपणा घालवायला तो रिॲक्टरमध्ये टाकतात आणि नंतर स्पार्कलर फिल्टर नावाच्या बंद गाळणयंत्रातून गाळतात. कॉलेजात कुणी न शिकवलेल्या दोन गोष्टी तिथे कळल्या. उकळी फुटायला आलेल्या सॉल्व्हंटमध्ये (द्रावकात) चारकोल कधीही टाकायचा नाही, सगळं उसळून अंगावर येतं, आधी गार करायचं. आणि ओला कार्बन बंद टाकीतल्या हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. अशा टाकीत ऑक्सिजन न मोजता उतरलेला माणूस वर येईलच असं नाही.

आता गावाकडची मुलं विचारतात, करवंटीच्या कार्बनचा कारखाना टाकू का? मी त्यांना हिशेब घालायला लावते. वाफेच्या पद्धतीत १०० किलो करवंटीचा ३० किलोच्या आसपास कोळसा, आणि त्याचा कार्बन होताना आणखी निम्मा-अधिक जातो. तमिळनाडूत कांगेयमला खोबऱ्याचा धंदा आहे, नारळ तिथेच फुटतो, करवंटीचा ढीग एका जागी पडतो. आपला नारळ सोडण काढून अख्खा मुंबईला जातो आणि त्याची करवंटी दादर-परळच्या कचऱ्याच्या डब्यात. ती गोळा कशी करणार, त्याचं उत्तर घेऊन या, मग भट्टीचं बोलू.