घरी क्लच खोलण्याआधी हाताशी काय काय हवं

मोटरसायकलचा क्लच घसरतोय म्हणून लगेच साइड कव्हरला हात घालू नका. आधी लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढिलाई आहे का ते बघा. केबल ताठ असेल तर प्लेट अर्धवट दबलेली राहते आणि नवी टाकली तरी जळते. केबल नीट असूनही इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी ओढत नाही, तरच पुढची तयारी.

आपल्या गाडीत प्रेशर प्लेट (स्प्रिंगच्या जोराने बाकीच्या प्लेटा दाबून धरणारी) कुठे आहे, हे सर्व्हिस मॅन्युअलच्या चित्रात पाहून ठेवा. ती बाहेरच्या बाजूला असेल तर स्प्रिंगचे बोल्ट काढले की प्लेटा हातात येतात, मधल्या नटाचं काही काम नाही. ती हबच्या, म्हणजे प्लेटा ज्यावर बसतात त्या मधल्या भागाच्या, मागे असेल तर मात्र मधला नट किंवा सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) काढावीच लागते. सर्कलिपला सर्कलिप प्लायर आणि डोळ्यांवर चष्मा, ती उडते.

साध्या सहा बाजूंच्या नटाला सॉकेट चालतं. खाचांचा गोल नट असेल तर छिन्नी-हातोडी नको: खाचा बिघडतात, लोखंडाचा चुरा इंजिनात पडतो. जुन्या सॉकेटचं तोंड ग्राइंडरने कापून त्याला चार दात काढून घ्या. वेल्डिंगच्या दुकानात हे काम होतं. लॉक वॉशरची दुमडलेली कड आधी सरळ करायची. हब फिरू नये म्हणून चाक जमिनीवर, गाडी टॉप गिअरमध्ये आणि मागचा ब्रेक दाबलेला. जोडीला माणूस नसेल आणि ड्रम ब्रेक असेल, तर ब्रेक रॉडचा नट आवळून चाक जाम करा. किती आटे आवळले ते मोजा, नंतर तेवढेच सोडायचे. हाउसिंगच्या (प्लेटांभोवतीच्या बाहेरच्या डब्याच्या) बोटांत स्क्रू-ड्रायव्हर अडकवू नका. अॅल्युमिनियम आहे, तुटतं.

बाकी हत्यारं घरचीच: ८ नंबरचा टी-पाना, किकसाठी १० नंबर, तेलाच्या बोल्टला बहुतेक वेळा १७ नंबर, प्लास्टिकची हातोडी. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढा आणि ज्या जागचा बोल्ट त्याच भोकात खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला की आटे जातात. किक काढण्याआधी शाफ्टवर खूण करा. दोन डोवेल पिना (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या छोट्या नळ्या) कव्हरला चिकटून येतात, त्या घरंगळू देऊ नका.

सामान आधीच आणा, इंजिन उघडं ठेवून तालुक्याला पळणं नको: प्लेटांचा संच, स्प्रिंगा, कव्हरचं पॅकिंग आणि १०० ते १२५ सीसीच्या गाडीला साधारण १ लिटर तेल, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या क्लचला चालणाऱ्या तेलाची जपानी खूण) लिहिलेलं. कारच्या तेलाने क्लच घसरू शकतो. नव्या प्लेटा आदल्या रात्रीच याच तेलात बुडवून ठेवा. पुसायला जुन्या धोतराचं फडकं घ्या. घरात कापूस कितीही पडलेला असो, त्याचे तंतू तेलाच्या जाळीत अडकतात.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास दुपारी वारा सुटला की काळ्या मातीची धूळ उडते, म्हणून काम सकाळी आणि ओसरीत. जोडताना स्प्रिंगचे बोल्ट फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. हे ६ मिलिमीटरचे बोल्ट आहेत. पान्याला पाइप लावून जोर केला तर बोल्ट ज्यात बसतो तो खांबच मोडतो, आणि मग खर्च प्लेटांच्या पुढे जातो.