हिल मॅरेथॉननंतरचे अडीच महिने : साताऱ्यातल्या धावणाऱ्यांनो, सायकलवाल्यांनो, या चुका टाळा

सप्टेंबरात हिल हाफ मॅरेथॉन होते आणि साताऱ्यातल्या कितीतरी धावणाऱ्यांचं वर्ष तिथेच संपतं. तीन महिने भर पावसात यवतेश्वरचा घाट चढलेली माणसं मेडल घरी आणतात, बूट कपाटात टाकतात. मग नवरात्र, कोजागरी, दिवाळी. बूट पुन्हा निघतात ते डिसेंबरच्या थंडीत आणि पहिल्याच आठवड्यात कुणाची पोटरी धरते, कुणाचा गुडघा कुरकुरायला लागतो. सायकलवाल्यांचं नेमकं उलटं. पावसाळाभर गॅलरीत उभी असलेली सायकल कास फुललं म्हणून निघते आणि त्याच दिवशी थेट कासला जाते.

दसरा-दिवाळीचा काळ आपल्याकडे व्यायामाला उत्तम, पण तितकाच फसवा. पाऊस गेला म्हणजे सगळं सोपं झालं असं वाटतं. पावसाने शरीरावर, बुटांवर, सायकलवर आणि रस्त्यावर जे केलं, ते मात्र याच दिवसांत उघडं पडतं. गेली बरीच वर्षं या रस्त्यांवर मी पळतोय, सायकल चालवतोय. दरवर्षी त्याच चुका होताना दिसतात आणि टाळता येण्यासारख्या दुखण्यांनी चांगली माणसं महिनामहिना घरी बसतात, म्हणून हे लिहितोय.

एकदम बंद, नाहीतर एकदम सुरू

एकवीस किलोमीटरच्या या शर्यतीत निम्मी वाट उताराची. चढताना दम लागतो, पण मांड्यांचे हाल होतात उतरताना, कारण प्रत्येक पावलाला स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. हे दुखणं आठवड्यात जातं आणि माणसाला वाटतं, झालो बरा. स्नायू सावरलेले असतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या शिरा सावकाश सावरतात. शर्यतीनंतर दोन आठवडे चालणं, सपाटीवर हलकं पळणं, थोडी सायकल एवढंच ठेवा. घाटाचं नाव काढू नका.

पूर्ण बंद करणंही तितकंच वाईट. दोन आठवडे काहीच केलं नाही की दम उतरायला लागतो. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास पळालात तरी कमावलेलं बरंचसं टिकतं. आणि मोठा खंड पडलाच, तर जिथे सोडलं होतं तिथून सुरू करू नका. निम्म्यावरून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. छाती लवकर तयार होते, नडगी आणि टाच मागे राहतात. दुखापत होते ती या मधल्या अंतरात.

नडगी दुखतेय आणि तरी पळताय

हा भाग मी खास भरतीच्या पोरांसाठी लिहितोय. आपला जिल्हा सैनिकांचा. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. त्यामुळे इथे पळण्याला मान आहे. पाऊस थांबला की पहाटेच्या रस्त्यांवर पोरापोरींच्या रांगा दिसतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. अंतर छोटं, म्हणून सगळी रोज जीव तोडून पळतात, तेही डांबरावर आणि झिजलेल्या बुटांत. महिन्याभरात नडगी धरते.

नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखतोय, पळायला लागल्यावर जरा कमी होतोय आणि थांबल्यावर पुन्हा ठणकतोय, तर तो अतिताण आहे. अंतर निम्मं करा. डांबर सोडून मुरमाच्या नाहीतर मातीच्या वाटेने पळा. या दिवसांत माती वाळून घट्ट झालेली असते आणि अजून धुळीची झालेली नसते, पळायला यापेक्षा चांगली जमीन वर्षभर मिळत नाही. बर्फाने शेका आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायचा व्यायाम रोज करा.

पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल, त्या पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. त्या दिवसापासून पळणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरांकडे. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अशी चीर पुष्कळदा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे साफ आला' एवढ्यावर पुन्हा पळायला जाऊ नका. भरतीची तारीख जवळ आली की पोरं गोळी घेऊन पळतात. गोळीने फक्त दुखणं झाकलं जातं, चीर वाढतच राहते. सहा आठवड्यांच्या विश्रांतीने भरणारं हाड मग सगळी भरती घालवतं.

रोज जोरात पळण्यानेही वेळ सुधारत नाही. आठवड्यात दोन दिवस जोरात, बाकीचे दिवस बोलत बोलत पळता येईल इतकं सावकाश. तालमीतल्या कुणाला हे सांगितलं की खरं वाटत नाही, पण महिनाभर करून बघा.

सायकल नुसती पुसून बाहेर काढणं

हवा मारली, फडकं फिरवलं, निघाले. त्याआधी दहा मिनिटं सायकलजवळ बसा.

चेन बोटाने वाकवून बघा. एखादी कडी अडकून वाकडीच राहत असेल तर गंज आत गेलाय. पावसात दिलेलं जाड तेल आता धूळ धरून काळी पेस्ट होतं आणि ती पेस्ट चेनला कानशीसारखी घासते. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने चेन धुवा, पूर्ण वाळू द्या, मग प्रत्येक कडीवर पातळ तेलाचा एकेक थेंब सोडा आणि पॅडल उलटं फिरवत वरचं तेल पुसून काढा. तेल कड्यांच्या आत हवं, बाहेर राहिलं की धूळच गोळा करतं. डिस्क ब्रेक असेल तर तेलाचा हात तबकडीला लागू देऊ नका.

रिमवरचे ब्रेक असतील तर रबर काढून उजेडात धरा. त्यात चमचमणारे बारीक कण दिसतील. हे तुमच्याच रिमचं ॲल्युमिनियम. पावसातली वाळू रबरात रुतते, रिम खरवडते आणि सुटलेले तुकडे तिथेच अडकून बसतात. सुईच्या टोकाने एकेक उचका, मग पॉलिश पेपर फिरवा. हे न करता यवतेश्वर उतरलात की करकर आवाज येतो, ब्रेक धरत नाही आणि रिम दर उताराला झिजत जाते.

उतारावरची दुसरी चूक म्हणजे वरपासून खालपर्यंत ब्रेक चिमटीत धरून ठेवणं. रिम तापते, आतली हवा फुगते, ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग कमी करा, सोडा, वळणात मोकळं जा. वळणातच ब्रेक मारायची वेळ आली म्हणजे आधी उशीर केलाय. आणि या महिन्यांत पावसाने वाहून आलेली खडी नेमकी वळणाच्या कडेला साठलेली असते. घाट चढतानाच ती कुठे आहे हे बघून ठेवा.

सराटे

ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेचं गवत वाळतं आणि सराटे पिकतात. माण-खटावकडे तर विचारूच नका. शिवाय बाभळीच्या फांद्या छाटून कडेला टाकलेल्या असतात. गाडीला वाट द्यायला सायकल मातीत उतरवली की पंक्चर ठरलेलं.

एकदा ठोसेघरच्या रस्त्यावर माझं मागचं चाक बसलं. नवी ट्यूब टाकली, हवा भरली, दोनशे मीटरवर पुन्हा चाक बसलं. जवळच्या दोन्ही ट्यूब गेल्या आणि सज्जनगडाच्या फाट्यापर्यंत सायकल हातात धरून चालत यावं लागलं. काटा टायरमध्येच होता, मी तपासलाच नव्हता. तेव्हापासून कितीही घाई असली तरी क्रम मोडत नाही. ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरवर कुठल्या जागी आला होता ते लक्षात ठेवायचं. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधायचं आणि ती ट्यूब टायरला लावून बघायची, म्हणजे काटा कुठे असणार ते कळतं. मग टायरच्या आतून फडकं फिरवायचं. बोट फिरवू नका, बोट फाटतं. फडकं जिथे अडकेल तिथे काटा. सराट्याचं डोकं बाहेर तुटून गेलेलं असतं आणि आत तांदळाच्या कणीएवढं टोक राहतं, ते डोळ्याला दिसत नाही. नखं काढायच्या कटरने धरून ओढलं की निघतं. पिशवीत कटर ठेवा, वजन काहीच नाही.

गुडघ्याचं खापर वयावर फोडणं

सायकलवाल्याचा गुडघा समोरून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पुढच्या चवड्याने चालवताना गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप येतो. एवढं करूनही दुखलं तर गिअर बघा. घाटात जड गिअर दाबत जाण्यात मर्दुमकी नाही. हलका गिअर टाका, पाय जलद फिरू द्या आणि चढ लागायच्या आधीच गिअर बदला. पूर्ण जोर लावलेला असताना बदललात तर चेन उडते, कधी तुटतेही.

पाऊस गेला म्हणून पाणीही गेलं

ऑक्टोबरातलं ऊन मेच्या उन्हाइतकंच थकवतं, कारण पावसाळ्यात आपली उन्हाची सवय मोडलेली असते. ती परत यायला दहा-बारा दिवस लागतात. तोवर आठच्या आत घरी या आणि वेगाचा हट्ट सोडा.

किती प्यावं याचा सगळ्यात खरा हिशोब वजनकाट्यावर मिळतो. पळायच्या आधी आणि नंतर, घाम पुसून वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण लिटरभर घाम गेला. साठ किलोच्या माणसाचं किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर पिणं कमी पडतंय. उलट वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय, आणि हेही धोक्याचं, कारण नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं. तासाभराच्या वर जाणार असाल तर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी न्या. घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक घ्या.

नवरात्रात नऊ दिवस उपास करणारे पुष्कळ आहेत. उपास करा आणि पळाही, पण लांबचं पळणं त्या नऊ दिवसांत ठेवू नका. निघण्याआधी एक केळं किंवा दोन खजूर खा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिकाम्या पोटी अजिबात निघू नका.

कासच्या पठारावर दुपारचे ढग

परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. पठार उघडं, झाडं तुरळक, आणि सायकलवरचा माणूस सगळ्यात उंच. सकाळी आकाश निळं दिसलं तरी बाराच्या आत पठार सोडा. गडगडाट ऐकू आला तर एकट्या झाडाखाली थांबू नका. गाडीत किंवा पक्क्या इमारतीत आसरा घ्या.

अंधार आणि ऊस

हा मुद्दा शेवटाकडे आला, पण जिवाशी खेळ आहे तो इथेच. सप्टेंबरच्या सुरुवातीला साताऱ्यात सूर्य साडेसहाच्या आत उगवतो आणि पावणेसातनंतर मावळतो. नोव्हेंबर लागेपर्यंत संध्याकाळी सहालाच सूर्य गेलेला असतो, आणि डिसेंबरात सकाळचे सात वाजत आले तरी तो वर आलेला नसतो. आपलं घड्याळ तेच राहतं. म्हणजे तोच साडेपाचचा गट आता पूर्ण अंधारात निघतो.

त्यातच कारखान्यांचं गाळप सुरू होतं. कोरेगाव, रहिमतपूर, कराड, कुठल्याही रस्त्याला लागा, जोड ट्रॉल्या भरून ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या चाललेल्या असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशात डोळे दिपतात आणि पुढे उभी असलेली ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ट्रॅक्टर वळताना दुसरी ट्रॉली आतल्या बाजूला ओढली जाते, त्या फटीत सायकल घालू नका. रस्त्यावर सांडलेलं पाचट दवाने ओलं असतं, त्यावर ब्रेक मारला की चाक निसटतं.

पुढे पांढरा, मागे लाल दिवा लावा, दोन्ही आदल्या रात्री चार्ज करा. पळणाऱ्यांनी रिफ्लेक्टरचं जॅकेट घाला, रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा, आणि कानात गाणी नकोत. काळा टी-शर्ट घालून अंधारात पळणारी दहा-दहा पोरं मी रोज बघतो आणि रोज थांबून सांगतो. शक्य असेल तर या दोन महिन्यांत उजाडल्यावर निघा. कामावर जायला वीस मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे शहरात पळू नका. फटाक्यांचा धूर गार हवेत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी तसाच साचून राहतो, घसा आणि छाती दोन दिवस धरते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तर दिवाळीचे तीन-चार दिवस दुपारी घरातच व्यायाम करावा.

यवतेश्वरवरून घामाने भिजून उतरणं

नोव्हेंबरात घाट चढताना अंग भिजतं, वर पोचल्यावर गार वारा लागतो आणि तसंच खाली सुटलं की दोन वळणांत हुडहुडी भरते. बोटं आखडतात, ब्रेक नीट दाबता येत नाही. वर दोन मिनिटं थांबा. कोरडा बनियन बदला, नाहीतर घडी केलेला वर्तमानपत्राचा कागद छातीवर, टी-शर्टच्या आत सरकवा. वारा अडतो. खाली उतरेपर्यंत कागद ओला झालेला असतो, छाती कोरडी. मागच्या खिशात तो एक कागद आणि हातमोजे, होळीपर्यंत काढू नका.