बिलावर टॅक्स नाही, म्हणजे वाचला का? न्यू जर्सीकरांसाठी हिशेब

समजा, तुम्ही एडिसनला राहता आणि टेक्ससमधल्या एका छोट्या बुटीककडून साडी अन् त्यावर ८० डॉलरचा दागिन्यांचा सेट मागवला. बिलात सेल्स टॅक्सचा, म्हणजे विक्रीवरच्या कराचा, रकाना कोरा. साडीवर तसाही टॅक्स नव्हता. सेटवरचा मात्र तुमच्याकडून येणं आहे.

आधी खोका कुठं उतरणार ते बघा. विकणारा कुठं बसलाय याला फारसं महत्त्व नाही. न्यू जर्सीचा दर ६.६२५ टक्के, पण इथं कपड्यांना माफी आहे. दागिने कपड्यांत धरत नाहीत. हीच साडी कॅलिफोर्नियातल्या बहिणीच्या पत्त्यावर पाठवली तर तिथला दर लागतो, कारण तिथं कपड्यांनाही सूट नाही.

मग बिल नीट वाचा. जून २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्याचा निकाल दिला. त्याआधी विक्रेत्याचं दुकान, गोदाम असं काहीतरी राज्यात असेल तरच त्याला टॅक्स घ्यायला लावता येई. आता न्यू जर्सीत वर्षाला १,००,००० डॉलरच्या वर विक्री गेली की बाहेरच्यालाही तो घ्यावा लागतो. अ‍ॅमेझॉनवरच्या छोट्या दुकानदारांचा टॅक्स अ‍ॅमेझॉनच घेतं. बिलात बरोबर टॅक्स लागलाय? मग विषय संपला.

रकाना कोरा असेल तर त्याच दरानं 'यूज टॅक्स', म्हणजे वस्तू वापरण्यावरचा टॅक्स, आपण भरायचा. सेटचे झाले ५.३० डॉलर, त्याच्या शिपिंगवरही टॅक्स लागतो, हे बरेच जण विसरतात.

आता डेलावेअरची वारी. तिथं सेल्स टॅक्स नाही, म्हणून टोल भरून, डबा घेऊन आपली मंडळी टीव्ही आणायला जातात. १,२०० डॉलरचा टीव्ही घरी आणला की न्यू जर्सीचे ७९.५० डॉलर लागू होतात. पेनसिल्व्हेनियात ६ टक्के भरले असतील तर फक्त उरलेले ०.६२५ टक्के द्यायचे. फिलाडेल्फियात ८ टक्के दिले असतील तर काहीच नाही. पावती तेवढी जपा.

हे पैसे एनजे-१०४० या न्यू जर्सीच्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्येच भरता येतात, त्यासाठी वेगळी ओळ आहे. १,००० डॉलरच्या आतल्या किरकोळ खरेदीच्या पावत्या सापडत नसतील तर उत्पन्नानुसार अंदाजी रकमेचा तक्ता चालतो. त्याहून महाग वस्तूचा, म्हणजे आपल्या टीव्हीचा, हिशेब मात्र वेगळा करून त्यात मिळवायचा. बाहेरून आणलेल्या गाडीचा टॅक्स नोंदणी करतानाच भरून घेतात.