प्लॅस्टिकच्या खिडकीवर घट्ट बसलेली फिल्म ओरखडा न पाडता कशी काढावी

इंदूरच्या रस्त्यांवरच्या ई-रिक्षा घ्या, नाहीतर हार्डटॉप चढवलेल्या जुन्या जीप. खिडकीला काचेऐवजी ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची शीट बरेचदा दिसते. या शीटवर कारखान्यातूनच पातळ पॉलिथिनची फिल्म येते. ती शीट बसवली त्याच दिवशी काढायची असते. पण ‘राहू दे, ओरखडे वाचतील’ म्हणून लोक ती तशीच ठेवतात. उन्हाळे जातात, फिल्म ठिसूळ होते आणि खालचा गोंद शीटला घट्ट धरून बसतो.

मग सल्ले सुरू होतात. ब्लेड मारा, थिनर लावा, पेट्रोलनं पुसा. हे सगळे सल्ले काचेचे आहेत. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली, तेव्हा ठिकठिकाणी त्या ब्लेडनं खरवडून काढल्या गेल्या आणि काचेला काही झालं नाही. प्लॅस्टिकला होतं. ब्लेडचं टोक एकदा जरी टेकलं, तरी उन्हात चमकणारी रेघ कायमची राहते. थिनर आणि ॲसिटोन तर वरचा थरच विरघळवतात आणि खिडकी दुधाळ होते. या कामात ब्लेड, स्टीलचा घासणा आणि थिनर हाताशीसुद्धा ठेवू नका.

खिडकी कशाची आहे ते आधी ठरवा. कापून उरलेला तुकडा असेल तर डोळे सांभाळून वाकवा: ॲक्रिलिक कटकन मोडतं, पॉलिकार्बोनेट वाकतं. कळत नसेल तर ॲक्रिलिक समजूनच चाला. कापडी हूडची मऊ, गुंडाळता येणारी खिडकी असेल तर खाली सांगितलेलं लिक्विड पॅराफिनचं तेल आणि घासलेट तिला लावू नका. ती पीव्हीसीची असते, तिला फक्त कोमट साबणपाणी.

धूळ भरपूर पाण्यानं धुऊन काढा. नळाला येणारं नर्मदेचं पाणी चालेल, बोरिंगचं नको. त्याचे क्षार वाळून पांढरे ठिपके पडतात. सुरुवात आतल्या बाजूनं करा, तिथली फिल्म सहसा कमी भाजलेली असते आणि हात बसतो.

आता खरं काम. याच टप्प्यावर मी सुरुवातीला फार झगडलो, म्हणून सविस्तर सांगतो. फिल्म जोरानं निघत नाही, गोंद सैल झाला की निघते. गोंद सैल होतो तो उबेनं. केस वाळवायचा ड्रायर घ्या, वीतभर अंतरावरून सतत फिरवत ठेवा आणि मधूनमधून शीटला हाताची मागची बाजू लावा. चटका बसला तर जास्त झालं. फार तापलेलं पॉलिथिन रबरासारखं ताणतं आणि फाटतं, थंड असेल तर त्याचे कपचे उडतात. मधली ऊब हवी. रंगकामवाल्यांची हीट गन मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी नको. ॲक्रिलिक 100 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि ही गन त्याच्या कितीतरी पुढे जाते. एकदा लहर आलेली शीट पुन्हा सपाट होत नाही. मे महिन्यात ड्रायरही लागत नाही, सकाळचं कोवळं ऊन पुरतं. भर दुपारी हात लावू नका.

कोपरा नखानं किंवा जुन्या एटीएम कार्डानं उचला. सुटलेली कड सरळ आपल्याकडे ओढू नका, तिला मागे दुमडून शीटला जवळजवळ चिकटूनच, सावकाश न्या. मोठ्या खिडकीसाठी कापडाच्या थानातली पुठ्ठ्याची नळी घ्या, क्लॉथ मार्केटात सहज मिळते. कड नळीला चिकटवायची आणि फिल्म गुंडाळत जायची. ताण पूर्ण रुंदीवर सारखा पडतो, म्हणून फिल्म मध्येच फाटत नाही. थांबलात तर त्या जागी गोंदाची आडवी रेघ उठते. एकदा सुरू केलं की कडेपर्यंत न्या.

फिल्म पापडासारखी तुटत असेल तर आधी तिच्यावर रुंद ब्राऊन टेप घट्ट दाबून बसवा आणि कपचे टेपसकट उचला. टेप फक्त फिल्मवरच लावा, उघड्या शीटवर नको. तेल नंतर, कारण तेलकट जागी टेप धरत नाही. उरलेल्या तुकड्यांसाठी दवा बाजारातून लिक्विड पॅराफिन आणा. ते फिल्मच्या आरपार जात नाही, तडे आणि कडांतून आत शिरतं. त्यामुळे घाईनं काही होत नाही. सुती कापड भिजवून लावा, वरून पातळ पिशवी दाबून बसवा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी अंगठ्याच्या पोटानं एका दिशेनं लोटा, गोंदाच्या वळकट्या होऊन निघतात. गोल गोल घासू नका.

तरी चिकट राहिलंच तर थोडं घासलेट कापसावर घ्या, रबराखालच्या कोपऱ्यात आधी करून पाहा, मग पुसून लगेच धुवा. स्क्रूच्या भोकांपाशी आणि खिडकीच्या कडेच्या रबर बीडिंगवर ते साचू देऊ नका, रबर फुगतं. स्पिरिट आणि सॅनिटायझर ॲक्रिलिकला अजिबात लावू नका. भोकाभोवती शीट आधीच ताणलेली असते, तिथे अल्कोहोल लागलं की केसासारख्या चिरा चांदणीसारख्या पसरतात आणि पुढे खिडकी तिथूनच फुटते.

शेवटी भांड्यांच्या लिक्विडच्या फेसानं धुवा, मायक्रोफायबरनं टिपून घ्या. अमोनियावाला काचेचा स्प्रे नको.

बीडिंगखाली अडकलेली फिल्म कापायची नसते. प्लॅस्टिकच्या पट्टीनं रबराची कड उचला, तेलाचे दोन थेंब सोडा आणि फिल्म कडेच्या दिशेनं हळूहळू सरकवत बाहेर काढा. रबरावरचं तेल लगेच साबणानं धुऊन टाका.