वनस्पती आणि विषाणूंच्या उत्क्रांतीची गणिती प्रारूपे: या चुका टाळा

रब्बीच्या ज्वारीच्या एक हजार ताटांची मोजणी घेऊन एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. प्रत्येक ताटाच्या पानाचा तुकडा घेऊन तिने एका जनुकखुणेची तपासणी केली होती आणि त्या खुणेची दोन रूपे शेतात जवळपास निम्मी-निम्मी होती. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ साली स्वतंत्रपणे मांडलेल्या नियमानुसार त्यांपैकी ५०० ताटे दोन्ही रूपे बाळगणारी, म्हणजे विषमयुग्मी, असायला हवी होती. प्रत्यक्षात निघाली ९४. अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतली तफावत तपासणाऱ्या काय-वर्ग चाचणीचा आकडा भलामोठा आला होता आणि विषमयुग्मी ताटांविरुद्ध तीव्र नैसर्गिक निवड चालू आहे, असा निष्कर्ष मसुद्यात लिहूनही झाला होता.

तिच्या आकडेमोडीत कुठेही चूक नव्हती. चूक होती ती ज्वारीला मका समजण्यात. हार्डी-वाइनबर्गचा नियम ज्या समूहात कोणाचाही संकर कोणाशीही सारख्याच शक्यतेने होतो, त्या समूहासाठी आहे. मका परपरागी आहे, ज्वारी मात्र मुख्यतः स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागाने बी धरणारी आहे. परपरागीभवनाचे प्रमाण वाण आणि हवामानानुसार बदलत असले, तरी ते १० टक्क्यांच्या आसपास धरले, तर स्वपरागीभवनाचा वाटा ०.९ होतो. हा वाटा पिढ्यानपिढ्या कायम राहिला, तर अंतःप्रजनन गुणांक (विषमयुग्मी ताटे किती अंशाने घटतात, तो आकडा) काढण्यासाठी त्याला दोन उणे तोच वाटा या संख्येने भागावे लागते: ०.९ भागिले १.१, म्हणजे ०.८२. याचा अर्थ विषमयुग्मी ताटांची संख्या नियमाने सांगितलेल्या संख्येच्या फक्त १८ टक्के उरते, म्हणजे ५०० च्या जागी सुमारे ९१. तिला ९४ सापडली होती. निवडीने समजावून सांगावे असे काही शिल्लकच राहिले नव्हते.

म्हणून कोणत्याही पिकाचे प्रारूप हाती घेण्यापूर्वी त्या पिकाचे प्रजनन कसे होते, हे कागदावर लिहून ठेवावे. हरभरा जवळजवळ पूर्ण स्वपरागी आहे, तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीभवन बऱ्यापैकी होते, आणि भेंडी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते. अमेरिकन कापूस आणि भुईमूग चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेले) असल्यामुळे तेथे एकाच खुणेच्या दोनऐवजी चार प्रती वाचल्या जातात आणि मूळची वेगळी जनुके एकाच जनुकाची रूपे असल्याचा भास होतो. वसमतकडच्या हळदीचे उदाहरण तर याहून सरळ आहे. हळदीची लागवड कंदापासून होत असल्यामुळे तेथे एक हजार झाडे मोजली, तरी जनुकीय दृष्टीने नमुना कदाचित एकाच झाडाचा असतो, आणि नमुन्याची संख्या एक हजार धरून काढलेली प्रत्येक प्रमाणत्रुटी खोटी ठरते.

वेळेचे एकक आणि सरळ रेषेचा मोह

विषाणूंच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ वेळेच्या एककात होतो. वनस्पतीची एक पिढी म्हणजे आपल्याकडे बहुधा एक हंगाम, तर त्याच काळात विषाणूच्या कितीतरी पिढ्या होऊन जातात. एका निबंधातून निवडीचा दर "प्रति पिढी" उचलायचा, दुसऱ्यातून संसर्गाचा दर "प्रति दिवस" उचलायचा आणि दोन्ही एकाच समीकरणात घालायचे, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे, की आता प्रत्येक प्राचलासमोर (प्रारूपात घातलेल्या दरासारख्या आकड्यासमोर) त्याचे एकक लिहिलेले नसेल, तर मी पुढचे पान वाचत नाही.

दुसरा घोळ सरळ रेषेचा. समजा, भेंडीच्या एका प्लॉटमध्ये हळद्या या पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या विषाणूरोगाची झाडे आज ५ टक्के आहेत आणि चौदा दिवसांनी ४० टक्के झाली. पट्टी ठेवून रेषा ओढली, तर वाढ रोज अडीच टक्के निघते आणि मागे मोजत गेल्यास रोग फक्त दोन दिवसांपूर्वी सुरू झाला, असे उत्तर मिळते. परंतु रोग रोगट झाडांकडून निरोगी झाडांकडे जातो, त्यामुळे सुरुवातीला त्याची वाढ गुणाकाराने होते. व्हान डर प्लांक यांनी वनस्पतिरोगांच्या साथींवरील आपल्या १९६३ च्या ग्रंथात वापरलेल्या पद्धतीने रोगट आणि निरोगी यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतला, तर तो -२.९४ वरून -०.४१ वर येतो. त्यातील फरकाला चौदाने भागल्यावर दर रोज ०.१८ मिळतो. याच दराने मागे गेल्यास हजारात एक झाड रोगट असण्याचा दिवस पहिल्या मोजणीच्या सुमारे २२ दिवस आधी येतो. दोन दिवस आणि २२ दिवस यांतला फरक केवळ आकड्यांचा नाही. पांढरी माशी रोपे कोवळी असताना आली की नंतर, याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

विषाणूच्या दोन प्रकारांपैकी नवा प्रकार किती वेगाने वरचढ होतो, हे काढण्यासाठीही हेच सूत्र वापरतात. फक्त रोगट आणि निरोगी यांच्या जागी नवा आणि जुना प्रकार येतो, आणि रेषेचा उतार म्हणजे नव्या प्रकाराचा निवडीतला फायदा. मात्र रोगट झाडांची टक्केवारी आणि पानावरील रोगाची तीव्रता या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. एका आठवड्यात झाडे मोजून पुढच्या आठवड्यात पिवळ्या पडलेल्या पानांचा भाग मोजला, तर रेषा सुरेख येते आणि तिचा अर्थ काहीच नसतो.

माणसाच्या तापाचे प्रारूप शेतात

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचे १९२७ चे प्रारूप सगळीकडे शिकवले जाते, आणि म्हणूनच ते नको तिथेही लावले जाते. त्यात लोकांचे तीन गट आहेत: संसर्ग होऊ शकणारे, संसर्ग झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले. हा तिसरा गट शिकवताना बहुधा बरे होऊन प्रतिकारक्षम झालेल्यांचा म्हणून सांगितला जातो, पण पिवळा मोझॅक झालेले सोयाबीनचे झाड गोवर होऊन गेलेल्या मुलासारखे बरे होत नाही. शेतात तो गट ठेवायचाच असेल, तर त्यात उपटून टाकलेली झाडे मोजावीत, आणि उपटण्याचा दर जीवशास्त्रावर नव्हे, मजुरांच्या उपलब्धतेवर ठरतो, हे मान्य करावे. शिवाय हा रोग झाडाकडून झाडाकडे आपोआप जात नाही, पांढरी माशी तो नेते. रोनाल्ड रॉस यांनी डासांमार्फत पसरणाऱ्या हिवतापासाठी केले होते, तसे वाहकाचे वेगळे समीकरण येथे लिहावेच लागते. अशा प्रारूपांत माशी किती वेळा झाड बदलते, हा आकडा वर्गात येतो, कारण विषाणू घेताना एकदा आणि देताना एकदा तिला झाडावर बसावे लागते. त्या आकड्यातली दुपटीची चूक आर-शून्यात (एका रोगट झाडापासून सरासरी किती नवी झाडे रोगट होतात, त्या आकड्यात) चौपट होऊन बसते.

याच घराण्यातली आणखी एक चूक म्हणजे प्रारूपाची समतोल अवस्था काढून त्यावर निष्कर्ष बेतणे. समतोल अवस्था काळ अनंताकडे गेल्यावर येते. सोयाबीन शंभर-एक दिवसांत कापून मळणीला जाते. सगळ्या शिवारात पहिल्या चांगल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत पेरणी होते, मध्ये नवी झाडे जन्माला येत नाहीत आणि शेवटी सगळी एकदम नाहीशी होतात. अशा ठिकाणी हंगामातील वाढ एका समीकरणाने आणि एका हंगामातून दुसऱ्या हंगामात काय उरते ते दुसऱ्या समीकरणाने मांडावे.

उन्हाळा पार करताना तर एक मजेदार चूक हमखास होते. काळानुसार होणारा सततचा बदल मांडणाऱ्या विकलक समीकरणांना पूर्णांक कळत नाहीत. मार्च ते मे या काळात माशीची संख्या घसरत घसरत एकाच्या खाली जाते, मग शतांश, मग अब्जांश, आणि जूनमध्ये त्याच अब्जांश माशीपासून नवी साथ उभी राहते! रेबीजच्या एका प्रारूपात कोल्ह्यांची संख्या दर चौरस किलोमीटरला एका कोल्ह्याच्या अब्जांशाच्या अब्जांशापर्यंत उतरून पुन्हा लाट आली होती, आणि डेनिस मॉलिसन यांनी १९९१ मध्ये त्यावर बोट ठेवल्यापासून या दोषाला "अॅटो-फॉक्स" (अॅटो म्हणजे अब्जांशाचा अब्जांश, फॉक्स म्हणजे कोल्हा) असे नाव पडले आहे. आपल्याकडे प्रत्यक्षात माशी आणि विषाणू उन्हाळी भेंडी, बांधावरची तणे आणि ओलिताखालची इतर झाडे यांवर टिकून राहतात. प्रारूपात ती झाडे घालावीत, किंवा संख्या एकाच्या खाली गेली की शून्य धरावी, आणि संख्या लहान असलेल्या काळासाठी संभाव्यतेवर आधारित प्रारूप वापरावे.

कोटींची संख्या, मूठभर पूर्वज

एका रोगट पानात विषाणूच्या कोट्यवधी प्रती असतात, म्हणून योगायोगाला वाव नाही, असे गृहीत धरणे सोपे वाटते. पण त्या कोटींमधून पुढच्या झाडात किती पोहोचतात? बटाट्याच्या वाय विषाणूवर झालेल्या प्रयोगांत एक मावा सरासरीने अर्धा ते सुमारे तीन एवढेच विषाणूकण यशस्वीपणे पोहोचवतो, असे दिसले आहे. संख्या पिढीगणिक बदलत असेल, तेव्हा उत्क्रांतीच्या दृष्टीने परिणामकारक संख्या साध्या सरासरीने नव्हे, तर हरात्मक सरासरीने (व्यस्तांकांच्या सरासरीच्या व्यस्तांकाने) काढावी लागते. नऊ पिढ्या एक-एक कोटीच्या आणि एक पिढी पाचाची असेल, तर साधी सरासरी ९० लाख येते, हरात्मक सरासरी मात्र ५०. माझ्या मते विषाणूंच्या प्रारूपांत सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण ९० लाखांच्या समूहात निवड जिंकते, तर ५० च्या समूहात बऱ्याचदा नशीब जिंकते.

याला जोडूनच हॉल्डेन यांचे १९२७ चे उत्तर लक्षात ठेवावे: मोठ्या समूहात एकदाच उद्भवलेले फायदेशीर उत्परिवर्तन टिकून सर्वत्र पसरण्याची शक्यता त्याच्या फायद्याच्या साधारण दुप्पट असते. फायदा २ टक्के असेल, तर शक्यता ४ टक्के. शंभरातली ९६ उत्परिवर्तने चांगली असूनही सुरुवातीलाच हरवतात. निश्चित उत्तर देणाऱ्या प्रारूपात ती सगळीच जिंकताना दिसतात.

एका खरिपाच्या नमुन्यांवरून काळ मोजणे

जनुकक्रमांतील फरकांवरून वंशवृक्षाचा काळ काढणारी सॉफ्टवेअर आता कोणीही चालवू शकतो, आणि ती कधीच "मला माहीत नाही" असे म्हणत नाहीत. हळद्या आणि पिवळा मोझॅक घडवणाऱ्या बेगोमोव्हायरस गटातील टोमॅटोच्या पिवळ्या पर्णगुच्छ विषाणूचा बदलाचा दर प्रत्येक जागेमागे वर्षाला सुमारे ०.०००२९ असा मोजला गेला आहे. डीएनए विषाणूच्या मानाने तो दर पुष्कळ जास्त असून आरएनए विषाणूंच्या जवळ जाणारा आहे. तरीही या गटातील डीएनएचा एक घटक साधारण २,७५० अक्षरांचा असल्यामुळे, एका वंशरेषेत वर्षाकाठी एक बदलसुद्धा पुरता भरत नाही. मग जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत घेतलेल्या नमुन्यांवरून घड्याळ लावणे म्हणजे तासकाट्याकडे बघून सेकंद सांगण्यासारखे आहे. नमुने अनेक वर्षांचे असावेत आणि नमुन्याची तारीख व वंशवृक्षाच्या मुळापासूनचे अंतर यांचा आलेख आधी काढून पाहावा. चढती रेषा दिसत नसेल, तर तेथेच थांबावे. या विषाणूंत जनुकक्रमांची अदलाबदलही वारंवार होते, तेव्हा अदलाबदलीचे भाग शोधून वेगळे न काढता संपूर्ण क्रमाचा एकच वृक्ष काढल्यास तो कोणाचाच इतिहास सांगत नाही.

प्रारूप अडले तर

संगणकावरील उत्तरात संख्या ऋण झाली किंवा आलेख दातेरी आला, तर बहुधा वेळेची पायरी मोठी असते. ती निम्मी करून पुन्हा चालवावे आणि उत्तर बदलत असेल, तर ते स्थिर होईपर्यंत निम्मी करत जावे. जुळणी उत्तम पण प्राचल प्रत्येक वेळी वेगळे, असे होत असेल, तर ते प्राचल उपलब्ध माहितीवरून ओळखता येण्यासारखे नसतात. केवळ रोगट झाडांच्या टक्केवारीवरून झाडामागे किती माश्या आणि प्रत्येक माशीच्या संक्रमणाची शक्यता किती, हे वेगवेगळे कळत नाही, त्यांचा गुणाकारच कळतो. पिवळ्या चिकट सापळ्यांची किंवा पानांखालच्या माश्यांची मोजणी बाहेरून आणावी लागते. यासाठीची सोपी परीक्षा अशी, की आपणच ठरवलेल्या प्राचलांवरून खोटी आकडेवारी तयार करावी आणि ती प्रारूपाला देऊन तेच प्राचल परत मिळतात का ते पाहावे. स्वतः घातलेले आकडे जे प्रारूप परत देत नाही, त्याला शेतातले आकडे देऊ नयेत.

"परभणी क्रांती" या भेंडीच्या वाणाने मला, एकाच आलेखामागे अनेक कारणे असू शकतात, याची आठवण नेहमी करून दिली आहे. मराठवाडा कृषी विद्यापीठात भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाशी संकर करून तयार झालेला हा हळद्या-प्रतिकारक वाण १९८० च्या दशकाच्या मध्यास आला, दूरवर पसरला, आणि पुढे त्याची प्रतिकारक्षमता ओसरल्याच्या नोंदी झाल्या. या ओसरण्याचा आलेख पाहिला की विद्यार्थी लगेच एक जनुक आणि एक उत्परिवर्तन असलेले प्रारूप त्यावर बसवतात, आणि ते बसतेही. परंतु अदलाबदलीतून तयार झालेला किंवा बाहेरून आलेला वेगळा विषाणू शिरला, तरी आलेख तसाच दिसतो. घरचे बी धरताना शेजारच्या वाणाचे परागकण मिसळून प्रतिकारक झाडांचा वाटाच दरवर्षी कमी होत गेला, तर विषाणू मुळीच न बदलता पुन्हा तोच आलेख मिळतो. या तिन्ही शक्यता वेगळ्या करायच्या, तर टक्केवारी पुरत नाही. दरवर्षीचे मूठभर बी आणि सिलिका जेलमध्ये वाळवलेली रोगट व निरोगी पाने जपून ठेवावी लागतात, आणि प्रत्येक पाकिटावर पेरणीची तारीख, नमुन्याची तारीख आणि बी घरचे की विकतचे, एवढे तरी पेन्सिलीने लिहिलेले असावे लागते.